‘माझा प्रवास’ : साक्षीदार आणि यात्रेकरू

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ग्रंथाला दोन शीर्षके आहेत. ‘माझा प्रवास’ हे एक आणि ‘१८५७ सालच्या बंडाची हकीकत’ हे दुसरे. मराठी वाचकाने पहिले शीर्षक उच्चारले, पण ग्रंथ वाचला तो दुसऱ्या शीर्षकाच्या अपेक्षेने. इतिहासाचे साधन म्हणून तो मान्य झाला आणि राणी लक्ष्मीबाईंच्या चरित्राला त्याने मौलिक सामग्री पुरवली, यात वाद नाही. प्रश्न असा, की साधन म्हणून वाचताना त्यातील प्रवासाचे काय होते? कारण या ग्रंथात बंड हा विषय नसून वाटेत आलेला प्रसंग आहे. या प्राधान्यक्रमातच त्याचे ऐतिहासिक मूल्य दडलेले आहे.

संहितेचा इतिहास येथे दुर्लक्षून चालत नाही. चिंतामण विनायक वैद्य यांच्या प्रेरणेने गोडसे भटजींनी आपल्या आठवणी लिहिल्या. घटनेनंतर सुमारे पाव शतकाने, १८८३ च्या सुमारास, हे लेखन झाले. वैद्यांनी ते प्रसिद्ध केले १९०७ साली, म्हणजे उठावाला पन्नास वर्षे होत असताना. हे करताना त्यांनी भाषेला वळण दिले, मजकुरात काटछाट व फेरफार केले. मोडीतील मूळ लेखनावर आधारलेली संहिता वाचकांपुढे आली ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनामुळे, १९६६ साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जो ग्रंथ वाचत होता, तो एका सुशिक्षित इतिहासकाराने आपल्या पिढीच्या अभिरुचीनुसार घडवलेला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ साली, सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ इंग्रजीतून प्रसिद्ध झाला व ‘बंडा’चे ‘स्वातंत्र्यसमर’ झाले. पुढील वाचनावर या नव्या संज्ञेची छाया पडणे स्वाभाविक होते. अमृतलाल नागर यांनी हिंदी अनुवादाला ‘आँखों देखा गदर’ हे नाव दिले, तेव्हा प्रवास शीर्षकातूनच नाहीसा झाला. उरला तो केवळ साक्षीदार.

वस्तुतः गोडसे भटजी साक्षीदार व्हायला निघालेले नव्हते. घरात कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, तीर्थयात्राही घडेल, अशा हिशेबाने पुतण्या व काका १८५७ च्या आरंभी वरसईहून उत्तरेकडे निघाले. हा हिशेब ग्रंथाच्या निवेदनतंत्राचा कणा आहे. कोठे आश्रय मिळाला, किती द्रव्य जमले, ते कोणी लुटले, याची नोंद लढायांच्या नोंदीइतक्याच काळजीने होते. राष्ट्र ही संकल्पना निवेदकाजवळ नाही. त्याच्याजवळ धर्म, प्रारब्ध, आश्रयदाता आणि पोट या चार कल्पना आहेत, आणि त्यांच्याच आधाराने तो उलथापालथीचा अर्थ लावतो.

महूजवळ शिपायांच्या तोंडून ऐकलेली हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. हिंदूंचे आचार मोडण्यासाठी इंग्रजांनी चौऱ्याऐंशी कलमे काढली, अशी ती वार्ता. दप्तरांत तिचा पुरावा शोधणारा अभ्यासक तिला भाकडकथा म्हणून बाजूला सारील. परंतु अशा वार्तांवर विश्वास ठेवूनच माणसे शस्त्र उचलत होती, हे सत्य या ‘भाकडकथे’तूनच कळते. विधवाविवाहासारखे खरे कायदे आणि काडतुसांविषयीचा संशय लोकमानसात कसे एकजीव झाले होते, याचा हा अभिलेख आहे. निवेदक तो तपासत नाही, म्हणूनच तो विश्वसनीय ठरतो.

झाशीच्या वेढ्याच्या प्रकरणात निवेदनाची गती बदलते. १८५८ च्या एप्रिलमध्ये शहर पडले. पुढील बिजन व लूट यांचे वर्णन वीररसात नाही. आधी सोने-रुपे, मग भांडी, मग कपडे व धान्य असा लुटीचा क्रम तो एखाद्या यादीसारखा देतो. लपून बसलेल्या, भुकेल्या माणसाच्या नजरेला युद्ध याच क्रमाने दिसते. ग्रंथालयाच्या विध्वंसाचे दुःख मात्र त्याला वेगळे नोंदवावेसे वाटते. तेथे विद्येवर जगणाऱ्या जातीचा माणूस बोलतो. त्याच्या करुणेला मर्यादा आहेत. ब्राह्मण गृहस्थांची घरे त्याला आतून दिसतात, मोलमजुरी करणारी झाशी बहुधा दुरून, प्रेतांच्या रूपात दिसते. ही मर्यादा झाकून ग्रंथाला ‘सामान्य माणसाचा इतिहास’ म्हणणे अतिव्याप्त होईल.

सर्वांत परिचित प्रसंग काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा. पठाणी वेशातील, धुळीने माखलेली, तहानलेली राणी समोर येते. भटजी पाणी काढून देण्यास पुढे होतात, पण ते विद्वान ब्राह्मण म्हणून ती त्यांना ते काम करू देत नाही आणि स्वतः पाणी शेंदून ओंजळीने पिते. उत्तरकालीन वाचनाने यात वीरांगनेचा साधेपणा पाहिला. संहितेचा भर निराळा आहे. राज्य गेले तरी आचाराची उतरंड शिल्लक आहे, आणि ती पाळणारी राणीच आहे, याने निवेदक हेलावतो. त्याला दिसते ते दैवाचे फिरणे, स्वातंत्र्याचे स्वप्न नव्हे. आपण जे स्वप्न तेथे वाचतो ते आपले असते. ते वाचण्याचा अधिकार वाचकाला आहे. मात्र ते गोडसे भटजींच्या नावावर जमा करता येत नाही.

ग्रंथाचा शेट राणीच्या मृत्यूने होत नाही. पुन्हापुन्हा लुटला गेलेला हा भिक्षुक काशीहून गंगेची कावड घेऊन वरसईस परततो आणि आईवडिलांना गंगास्नान घालतो. बंडाची हकीकत वाचणाऱ्याला हे प्रकरण पुरवणीसारखे वाटते. प्रवास वाचणाऱ्याला तेच फलश्रुती वाटते. द्रव्य गेले, आश्रयदाते गेले, एक राज्य डोळ्यांदेखत बुडाले, तरी यात्रा सफल झाली, असे निवेदकाला वाटते. हे समाधान आपल्याला अस्वस्थ करते. १८५७ मध्ये जगलेल्या अनेकांसाठी १८५७ हे इतिहासाचे केंद्र नव्हते, एवढे मान्य करण्याची तयारी या अस्वस्थतेतून यावी. ‘माझा प्रवास’ हे दुय्यम नाव नाही. दुसऱ्या नावाला त्यानेच अर्थ दिला आहे.