ध्वनिवर्धकाचें सामर्थ्य आणि गायनाचें सौंदर्य

हल्लीं संगीतयंत्र घ्यावयास निघालेला सुशिक्षित गृहस्थ दुकानांत शिरला, कीं त्याचा पहिला प्रश्न "किती वॅटचें?" असा असतो, आणि दुकानदारही उत्तराचा आंकडा जेवढा मोठा सांगतां येईल तेवढा सांगतो. धान्य पायलीनें मापून घ्यावें, तद्वत् नादही वॅटांनीं मापून घेतां येतो, असा समज त्यामुळें रूढ झाला आहे. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत या यंत्रचर्चेचें काय प्रयोजन, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तथापि आज बहुतेक कुटुंबांस गाणें बैठकींत बसून नव्हे, तर यंत्राच्या द्वारेंच ऐकावयास मिळतें. ज्या साधनाच्या आधारें आपण गवयाच्या सुराची पारख करतों, तें साधन काय करतें व काय करीत नाहीं, हें पाहणें टीकाकाराचेंही काम आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या घरीं हा प्रश्न गतवर्षीं उन्हाळ्यांत उभा राहिला. अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशीं वसलेल्या पातूर गांवीं आमचें जुनें घर आहे. तेथील बैठकींत दर बाजूस २० वॅट देणारा एक ध्वनिवर्धक आम्ही पुष्कळ वर्षें वापरीत आलों आहों. विद्युत्-अभियांत्रिकी शिकणारा आमचा पुतण्या सुटींत आला, तो म्हणाला, "काका, आतां याला पेन्शन द्या. १०० वॅटचा आणा, म्हणजे खरें गाणें ऐकूं येईल." शहरांतील एका दुकानांत जाऊन आम्हीं लहान व मोठीं अशीं दोन यंत्रें ऐकलीं, मोठें सरस वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याच्या किंमतीएवढी रक्कम आम्हीं पावसाळ्यापूर्वीं घरावरचीं टिनें बदलण्यासाठीं राखून ठेविली होती. गाणें कीं छप्पर, असा हा प्रसंग होता.

प्रथम आंकड्याचा अर्थ पाहूं. शक्ति दुप्पट झाली म्हणजे आवाज दुप्पट होत नाहीं. ध्वनीची पातळी अवघी ३ डेसिबल चढते. हा फरक कानास कळतो, पण बेताचाच. आवाज दुप्पट झाला असें सामान्य श्रोत्यास वाटावें, तर सुमारें १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ति, लागते. या हिशेबानें २० वॅटच्या जागीं १०० वॅट आणल्यास वाढ होते ती ७ डेसिबलची. आणि तीही दोन्ही यंत्रें पुऱ्या जोरानें चालविलीं तरच! मध्यम प्रतीचा स्पीकर एका वॅटवर, एका मीटरच्या अंतरावर, सुमारें ८८ डेसिबल आवाज देतो. साध्या संभाषणाची पातळी सुमारें ६० डेसिबल असते. अर्थात् बैठकीच्या खोलींत सुखानें ख्याल ऐकतांना बहुतेक वेळ एक वॅटसुद्धां खर्च होत नाहीं. बाकीचे नव्याण्णव वॅट स्वस्थ बसून असतात.

मग दुकानांत मोठें यंत्र सरस कां वाटलें? कारण तें किंचित् मोठ्यानें वाजत होतें. फ्लेचर व मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें, कीं आवाज लहान असतां आपल्या कानास खर्जाचे सूर फारच कमी ऐकूं येतात, आणि आवाज चढत जातो तसतसे ते उघडे होत जातात. तंबोऱ्याचा खर्ज अधिक भरदार वाटला, तो आवाजाच्या उंचीमुळें. श्रेय मात्र गेलें यंत्राच्या वॅटांस. १९८७ सालीं अमेरिकेंतील 'स्टीरिओ रिव्ह्यू' या मासिकानें स्वस्त व अतिशय महाग असे अनेक ध्वनिवर्धक समान आवाजावर, कोणतें यंत्र चालू आहे हें न सांगतां, श्रोत्यांस ऐकविले. तेव्हां ते भरंवशानें ओळखतां येत नाहींत असेंच दिसून आलें.

आम्हींही घरीं तशीच परीक्षा करावयाचें ठरविलें. पुतण्यानें आपल्या एका मित्राकडून १०० वॅटचा ध्वनिवर्धक आठ दिवसांकरितां मागून आणला. स्पीकरची जोडी एकच ठेविली. एका स्थिर सुरावर मल्टिमीटर लावून दोन्ही यंत्रांचा विद्युद्दाब स्पीकरच्या टोकांशीं सारखा करून घेतला, मध्यें पडदा बांधला, आणि नाणें उडवून क्रम ठरविला. ऐकणारीं आम्ही व आमची पत्नी. एका गायिकेचा विलंबित ख्याल लावून आम्हीं सोळा वेळां उत्तर दिलें. नऊ बरोबर आलीं. नुसता अंदाज केला असता, तरी सरासरीनें आठ आलींच असतीं. पत्नी म्हणाली, "दोन्हींतून तीच बाई गाते आहे ना? मग भांडण कशाचें?" आम्हांस मनांतून फार समाधान वाटलें.

परंतु तें टिकलें नाहीं. पुतण्यानें पखवाजाचें ध्वनिमुद्रण लाविलें आणि आवाज बराच चढविला. आतां मात्र लहान यंत्र आम्हीं प्रत्येक वेळीं ओळखलें. त्यांतून थाप फाटल्यासारखी येत होती. कारण उघड आहे. सरासरीनें अर्धा वॅट लागत असला, तरी थापेचा एक क्षण २० डेसिबल वर गेला म्हणजे त्या क्षणापुरती शंभरपट शक्ति, अर्थात् ५० वॅट, लागते. यंत्रापाशीं तेवढी नसली, तर ध्वनिलहरीचा माथा सपाट छाटला जातो आणि वादकानें कधीं न काढलेले कर्कश सूर त्यांत शिरतात. विहिरीस पाणी किती आहे, हें रोज दोन घागरी काढणारास कळत नाहीं. लग्नघरची पंगत बसली म्हणजे कळतें. पुतण्याचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें, आणि जुन्या यंत्राविषयींचा आमचा अभिमानही सर्वस्वीं खरा नव्हता. सामर्थ्यानें सौंदर्य वाढत नाहीं; मात्र सामर्थ्य अपुरें पडलें, तर सौंदर्याचा भंग होतो, एवढें यावरून निश्चित झालें.

येथें बाजारांतील भाषेचाही विचार केला पाहिजे. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे टेपरेकॉर्डरांवर 'पीएमपीओ' या अक्षरांखालीं शेंकडों, क्वचित् हजारों वॅटांचे आंकडे छापलेले असत. ते आंकडे काढण्याची सर्वमान्य अशी रीतच नव्हती; सतत मिळणारी खरी शक्ति त्यांच्या मानानें अगदीं थोडी असे. ज्या घरांत एकेक रुपया मोजून खर्च होतो, त्या घरास असा शब्द विकणें हें वाङ्मयीन अपराधाहून मोठें आहे. गिऱ्हाइकानें सतत मिळणारी शक्ति, स्पीकरची वॅटमागील डेसिबल-क्षमता आणि आपल्या खोलीचा आकार या तीन गोष्टी विचारल्या, तर पुष्कळ पैसा वांचेल.

१९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खां यांच्या ध्वनिमुद्रिका आपल्या वडीलधाऱ्यांनीं चावीच्या ग्रामोफोनवर ऐकल्या. त्या यंत्रांत विजेचा ध्वनिवर्धक नव्हता. एक वॅटही नव्हता. तरी त्या सुरानें मिरजेपासून वऱ्हाडापर्यंत श्रोते वेडे केले. त्याच तबकड्या आज प्रबळ यंत्रावर लावल्या, तर सुराबरोबर सुईची खरखरही तितक्याच इमानानें वाढते. उलट जागेचा परिणाम किती मोठा! पातूरच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांत उभें राहून कोणीं साधा षड्ज लावला, तरी दगड तो घोळवून परत देतो. तोच सूर बाहेर मोकळ्यांत निघून जातो. गळा एकच, बळही तेंच.

हें ध्यानांत घेऊन आम्हीं स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर ओढले आणि समोरच्या उघड्या भिंतीवर जाड सतरंजी टांगली. शब्द इतके स्वच्छ झाले, कीं पुतण्याही चकित झाला. यांत खर्च कांहींच झाला नाहीं. मित्राचें यंत्र परत गेलें. पखवाज ऐकावयाचा तो बेताच्या आवाजांत ऐकावा, असें ठरलें. आणि पुढें कधीं यंत्र बदलावयाचें झाल्यास ५० वॅटच्या वर जावयाचें नाहीं, हेंही काका-पुतण्यांनीं मान्य केलें. राखून ठेविलेल्या पैशांत टिनें बदलून झालीं. श्रावणांत त्यांवर पाऊस कोसळूं लागला, म्हणजे कोणत्याही वॅटांचा उपयोग होत नाहीं. तेव्हां आम्ही यंत्र बंद करतों, आणि कोरड्या घरांत बसून सर थांबण्याची वाट पाहतों.