धनुष्कोडी: अवशेष बघताना

धनुष्कोडीचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील: ‘भुतांचं गाव’, मागे करुण बासरी. 22-23 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळात गाव उद्ध्वस्त झालं, पॅसेंजर गाडी वाहून गेली, हे खरंच. पण चर्चच्या भिंतीवर कॅमेरा रेंगाळतो तेव्हा दगड नीट बघा. ते प्रवाळाचे आहेत! जे प्रवाळ समुद्रात लाटांचा जोर मोडतात, त्यांच्याच या भिंती. यावर निवेदक गप्प (बासरी मात्र चालूच).

आणि त्याच किनाऱ्यावर मच्छीमारांच्या झोपड्या आहेत. मग ‘निर्मनुष्य’ कुठून आलं? सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. तो शेरा झाला, निरीक्षण नव्हे. फील्डवर्कला जाल तेव्हा भिंतींचे फोटो नंतर काढा, आधी त्या झोपड्यांत बसून बोला.