जीवनचक्राच्या आठ अवस्था : एक चिकित्सा

मानवाचा मानसिक विकास बाल्य आणि किशोरवय यांबरोबर संपत नाही, तो जन्मापासून मृत्यूपर्यंत चालू राहतो, हा विचार आज मानसशास्त्रात सर्वमान्य झाला आहे. त्याचे मोठे श्रेय एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांच्याकडे जाते. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात त्यांनी मानवी आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या. शिक्षणशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ही मांडणी आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते, आणि बहुधा सिद्ध नियमासारखी पोहोचते. म्हणून तिची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एरिक्सन यांच्या मते प्रत्येक अवस्थेत एक पेच असतो. तान्ह्या मुलापुढे विश्वास की अविश्वास, त्यानंतर स्वायत्तता की लज्जा, पुढाकार की अपराधभाव. शाळकरी वयात उद्यमशीलता की न्यूनभाव. किशोरवयात आत्मओळख की भूमिकांचा संभ्रम. तारुण्यात जवळीक की एकाकीपणा. प्रौढपणी पुढील पिढीची जोपासना की साचलेपण. आणि वार्धक्यात परिपूर्णता की वैफल्य. फ्रॉइड यांनी विकासाचा भर बालपणीच्या लैंगिक प्रेरणांवर दिला होता. एरिक्सन यांनी व्यक्ती आणि समाज यांच्या नात्याला मध्यवर्ती स्थान दिले. हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. स्वतः एरिक्सन यांनी १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेताना आपले आडनाव नव्याने धारण केले होते. नाव बदलण्यात माणसाचे काय पणाला लागते हे ते अनुभवाने जाणत होते.

आमचा पहिला आक्षेप या सिद्धान्ताच्या भारतीय प्रवासाविषयी आहे. १९६२ मध्ये एरिक्सन जीवनचक्रावरील चर्चासत्रासाठी अहमदाबादेस आले. त्यातूनच १९१८ च्या गिरणी संपाविषयीचा ‘गांधीज ट्रुथ’ (१९६९) हा त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यांचे सहकारी सुधीर कक्कर यांनी १९६८ मध्ये एका लेखात या अवस्थांची तुलना हिंदू आश्रमव्यवस्थेशी केली. तुलना वरवर आकर्षक आहे : ब्रह्मचर्य म्हणजे शिकण्याचा काळ, गृहस्थाश्रम म्हणजे जोपासनेचा, संन्यास म्हणजे परिपूर्णतेचा. परंतु येथे एक मूलभूत प्रश्न विचारावाच लागतो : हे जीवनचक्र नेमके कोणाचे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथात चार आश्रमांची स्वतंत्र चिकित्सा केली असून शूद्र आणि स्त्रिया यांना ही व्यवस्था खुली नव्हती याकडे लक्ष वेधले आहे. शिवाय पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, प्राचीन धर्मसूत्रांत आश्रम हे आयुष्यभरासाठी निवडण्याचे पर्याय होते. एकामागून एक चढावयाच्या पायऱ्या ते नंतर झाले. तेव्हा मूठभर पुरुषांसाठी रचलेला आदर्श ‘भारतीय माणसाचा विकासक्रम’ म्हणून स्वीकारणे शास्त्रीय ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शाळकरी वयात मूल कष्ट करून यश मिळवते, अन्यथा त्याच्यात न्यूनभाव रुजतो, असे हा सिद्धान्त सांगतो. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे, आणि नळ उघडून देणारा शिपाई नसला तर त्याला तहानेलेच राहावे लागे. त्या मुलाच्या उद्यमशीलतेत काही उणीव नव्हती. न्यूनभाव त्याच्या मनात उपजला नव्हता. तो शाळेने वर्गाच्या रचनेतच बसवून ठेवला होता. अशा ठिकाणी शिक्षक जर केवळ ‘मुलाचा पेच सुटला नाही’ अशी नोंद करील, तर तो व्यवस्थेचा दोष मुलाच्या माथी मारील. एरिक्सन यांनी सू आणि युरोक या आदिवासी समाजांचा अभ्यास केला होता आणि दडपलेल्या समूहांवर लादल्या जाणाऱ्या नकारात्मक ओळखीचा विचारही मांडला होता. पाठ्यपुस्तकांनी मात्र तो विचार गाळला आणि आठ रकान्यांचा तक्ता तेवढा ठेवला.

तिसरा आक्षेप आत्मओळखीच्या वयाविषयी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांत आईच्या कडेवरची मुले होती, तरुण होते, काठी टेकत आलेले वृद्धही होते. ‘मी कोण’ या प्रश्नाचे नवे उत्तर या सर्वांना एकाच दिवशी मिळाले. ज्या वृद्धेने उभे आयुष्य अस्पृश्य म्हणून काढले, तिची आत्मओळख किशोरवयात ठरून गेली होती असे म्हणावयाचे काय? आठ अवस्थांच्या तक्त्यात या घटनेला जागा सापडत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांची मांडणी येथे अधिक उपयोगी पडते. विकासावर वयाचे, इतिहासाचे आणि व्यक्तिगत आकस्मिक घटनांचे असे तीन प्रकारचे प्रभाव पडतात, आणि बदलाची क्षमता कोणत्याही वयात पूर्णपणे लोपत नाही, असे ते म्हणत. ग्लेन एल्डर यांनी १९७४ च्या ग्रंथात अमेरिकेतील ओकलंड येथे १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांवर महामंदीचा झालेला परिणाम तपासला. इतिहासाचा एकच आघात कोणत्या वयात झाला यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

बौद्ध परंपरेस ही दृष्टी अपरिचित नाही. संघात प्रवेश करण्यासाठी आधीचे आश्रम पार पाडण्याची अट नव्हती. परंपरेनुसार सोपाक सात वर्षांचा असताना संघात आला. थेरीगाथेतील सोणा अनेक मुलांना वाढवून उतारवयात आली. दोघांचीही वाणी त्रिपिटकात जतन झाली. आपल्या काळात बेबी कांबळे (जन्म १९२९) यांचे ‘जिणं आमुचं’ त्यांच्या वयाची पन्नाशी उलटल्यावर वाचकांसमोर आले. पुढील पिढीच्या जोपासनेचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. आणि त्या जोपासनेची मुळे कुटुंबापलीकडे, एका संपूर्ण समाजाच्या स्मृतीत होती.

तात्पर्य, एरिक्सन यांचा तक्ता टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्यातील प्रश्न घ्यावेत, क्रम मात्र आपल्या इतिहासाच्या कसोटीवर तपासावा. हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. १९५६ मध्ये पाच-दहा वर्षांची असलेली मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दीक्षेपूर्वीचे घर, दीक्षेनंतरची शाळा, पुढे नोकरी, संसार आणि वार्धक्य हा सारा प्रवास त्यांनी एका आयुष्यात पाहिला आहे. आपल्या विहारांतून आणि महाविद्यालयांतून अभ्यासकांनी त्यांच्याजवळ बसून, वयोगटांनुसार, स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या जीवनकथा नोंदवाव्यात. तसे झाले नाही तर आपल्या माणसांचा मानसिक विकास आपण दुसऱ्यांच्या तक्त्यांतूनच वाचत राहू, आणि ज्यांना तो सांगता आला असता ती माणसे तोवर आपल्यात नसतील.