'सखाराम बाइंडर' : व्यक्तिस्वभाव, जवळीक आणि एकनिष्ठेचा प्रश्न

प्रास्ताविक :
विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' हे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाला परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे न्यायालयाचा मार्ग पत्करावा लागला. त्या वादात लैंगिकता व हिंसा हे विषय साहजिकच अग्रभागी राहिले. तथापि, विवाह नाकारणाऱ्या घरातही एकनिष्ठेची मागणी का उरते, हा नाटकाचा गाभ्याचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तीन प्रमुख पात्रांच्या स्वभावविशेषांच्या आधारे केला आहे.

स्वभाव आणि जवळीक :
मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार प्रेमाचे जवळीक, आवेग आणि बांधिलकी असे तीन घटक असतात. सखारामच्या घरात हे घटक एकत्र नांदत नाहीत. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला तो आश्रय देतो. पटले नाही तर तिने लुगडे, पन्नास रुपये व तिकीट घेऊन निघून जावे, असा त्याचा रोखठोक करार असतो. म्हणजेच आवेगाची पूर्तता निश्चित आणि बांधिलकी अमान्य. ढोंगाचा तिटकारा हा सखारामचा अभिमानाचा विषय होय. परंतु हा स्पष्टवक्तेपणा प्रामाणिकपणा असला, तरी समता नव्हे. कराराच्या अटी तोच ठरवतो.

लक्ष्मी श्रद्धाळू, सोशिक व कर्मठ आहे. मुंगीशी बोलणारी ही स्त्री माणसाशी मनमोकळे बोलू शकत नाही. जवळिकीची उणीव ती निष्ठेने भरून काढते आणि सखारामच्या नावाने मंगळसूत्र घालते. कराराचे ती मनोमन लग्न करते. याउलट चंपा बिनधास्त व व्यवहारी आहे. फौजदार शिंदेने वयात येण्यापूर्वीच तिला तिच्या आईकडून विकत घेतले होते. सखारामची वासना ती दारूच्या आधाराने सहन करते. शरीर दिले तरी मन न देणे हाच तिचा स्वसंरक्षणाचा मार्ग आहे.

व्यभिचार कोणाचा? :
लक्ष्मी परतल्यानंतर सखारामचे पौरुष खचते व चंपा दाऊदकडे वळते. या वर्तनाला केवळ चंचल स्वभावाचे लक्षण मानणे अपुरे ठरते. चंपाने सखारामला निष्ठेचे वचन दिलेलेच नव्हते. येथे तत्कालीन कायद्याचा संदर्भ उद्बोधक आहे. भारतीय दंडविधानाच्या कलम ४९७ नुसार व्यभिचारात अन्याय झालेला पक्ष केवळ पती मानला जाई. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २०१८ मध्ये रद्द केले. त्या कायद्याच्या दृष्टीनेही तक्रारीचा अधिकार असता तर तो शिंदेचा. सखाराम स्वतःच त्या घरात परपुरुष होता. तरीही लक्ष्मीकडून बातमी कळताच तो चंपाचा गळा आवळतो. विवाहसंस्थेची टवाळी करणारा पुरुष विवाहातील सर्वांत जुना हक्क, म्हणजे स्त्रीच्या देहावरील मालकी, सोडू शकत नाही. प्रेत पुरण्यास त्याला धीर देते ती लक्ष्मी. तिची पतिनिष्ठा अशा रीतीने गुन्ह्यातील भागीदारीपर्यंत पोहोचते. निष्ठा हा गुण स्वयमेव नैतिक नसतो, हे तेंडुलकरांनी येथे निर्ममपणे दाखविले आहे.

मर्यादा :
नाटकाची एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. चंपा व दाऊद यांचे नाते प्रेक्षकांपर्यंत मुख्यतः लक्ष्मीच्या सांगण्यातून पोहोचते. त्या नात्यात चंपाला प्रथमच खरी जवळीक लाभली, की तोही एक आसरा होता, हे नाटक स्पष्ट करत नाही. ज्या कृत्यासाठी तिला प्राण गमवावे लागतात, त्याविषयी तिची स्वतःची बाजू अपुरीच राहते.

समारोप :
सारांश, स्वभावविशेष वर्तनाची दिशा सुचवितात. परंतु त्या वर्तनाला 'व्यभिचार' हे नाव कोण देतो, हे सत्तेवरून ठरते. अभ्यासवर्गात चंपाला 'स्वैर' आणि लक्ष्मीला 'सात्त्विक' अशी विशेषणे लावण्यापूर्वी या सत्तासंबंधाचा विचार व्हावयास हवा. अन्यथा सखारामने दिलेला निकालच समीक्षेचा निकाल ठरण्याचा धोका संभवतो.