कागदावर मेलेली माणसं

जोसेफ हेलरच्या ‘कॅच-22’मधल्या डॉक डॅनिकाला विमानात बसायची भीती वाटते. तरी उड्डाणभत्ता बुडू नये म्हणून तो प्रत्यक्ष न उडता एका वैमानिकाच्या यादीत आपलं नाव लावून घेतो. एक दिवस ते विमान डोंगरावर आदळतं. डॉक्टर त्या वेळी खाली जमिनीवर, चारचौघांत उभा आहे. पण यादीत नाव आहे, म्हणजे तो मेला. हाताखालची माणसंच त्याला तसं सांगतात. पगार थांबतो, शिधा थांबतो. घरी बायकोला तार जाते, मागोमाग विम्याचे पैसे येतात. आपण जिवंत आहोत असं कळवणारं त्याचं पत्र तिला मिळतं, पण नंतर कर्नलसाहेबांचं छापील सांत्वनपत्र येतं. नवरा, मुलगा, बाप, भाऊ अशी सगळी नाती त्यात ओळीने छापलेली; लागू नसलेली खोडायचंही कुणाला सुचलेलं नाही. ती मुलांना घेऊन गाव सोडते आणि नवा पत्ता मागे ठेवत नाही.

‘कॅच-22’चा विषय निघाला की चर्चा होते ती वेडेपणाच्या त्या नियमाची. वेडा असशील तर उड्डाणातून सुटका, पण सुटका मागितलीस म्हणजे तू शहाणा. नियम चलाख आहे खरा. तरीही 1961 साली आलेल्या या कादंबरीचं मर्म मला डॅनिकाच्या प्रकरणात दिसतं. मूर्ख साहेब तमाशाच्या वगातही भेटतो, त्यासाठी युद्धकादंबरीची गरज नाही. चांगल्या युद्धउपहासाचा विषय असतो कागद. नोंद आणि माणूस यांच्यात तफावत पडली की लष्कर नोंद खरी धरतं, आणि बळी जातो माणसाचा. याच कादंबरीतला मड हा सैनिक पलटणीत रीतसर रुजू होण्याआधीच मोहिमेवर मारला जातो. तो आलाच नव्हता, तर मेला कसा? म्हणून त्याचं सामान तंबूतून हलवता येत नाही. स्वतः हेलरने बॉम्बफेक्या म्हणून कॉर्सिकाच्या तळावरून 60 मोहिमा केल्या होत्या. या विनोदाखाली काय पुरलं आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

हा शोध मात्र हेलरचा नाही. युरी तिन्यानोव्ह या रशियन लेखकाने 1928 साली ‘लेफ्टनंट किजे’ ही दीर्घकथा लिहिली. झार पावेलच्या अमदानीत कारकुनाची लेखणी घसरते आणि हुकूमनाम्यात अस्तित्वातच नसलेला एक अधिकारी जन्माला येतो. झारसमोर गेलेला कागद चुकीचा आहे, हे सांगणार कोण? किजेला फटक्यांची शिक्षा होते, सायबेरियात धाडलं जातं, माफी मिळते, त्याचं लग्न लागतं, बढत्या घेत तो जनरल होतो आणि शेवटी त्याची रिकामी शवपेटी इतमामाने पुरली जाते. त्याच वेळी सिन्युखायेव्ह नावाचा जिताजागता लेफ्टनंट मृत म्हणून नोंदला जातो आणि वणवण फिरत राहतो. किजेची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. मला सिन्युखायेव्ह अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तोच डॅनिकाचा पूर्वज.

या साऱ्यांच्याही आधीचा यारोस्लाव हाशेक. 1915 साली तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या 91व्या पायदळ पलटणीत होता आणि त्याच वर्षी रशियनांच्या हाती लागला. त्याची ‘श्वेइक’ ही कादंबरी 1921पासून भागाभागाने येऊ लागली. जानेवारी 1923मध्ये हाशेक गेला आणि ती अपुरी राहिली. तिच्यातला एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. आघाडीकडे निघालेल्या आगगाडीत कॅप्टन सॅग्नर अधिकाऱ्यांना नवी सांकेतिक लिपी समजावतो. लिपीची किल्ली गांगहोफर या लेखकाच्या दोन खंडांच्या कादंबरीत आहे. ठरलेल्या पानावरचे शब्द शोधून संदेश उलगडायचा. सगळे पुस्तक उघडतात. काही केल्या जुळत नाही. मग उलगडा होतो, की किल्ली दुसऱ्या खंडात आहे आणि सर्वांच्या हातात पहिला. खंड वाटले कादंबरीच्या नायकाने, शिपाई श्वेइकने. पुस्तक पहिल्या भागापासून वाचतात, तेव्हा साहेबांच्या सांगण्यात चूक झाली असणार, अशी त्याची समजूत.

इथे कुणी बंड केलेलं नाही. साहेबांचं भलं करावं याच इच्छेने श्वेइकने अख्ख्या बटालियनची गुप्त लिपी निकामी केली. तो खरोखर बावळट आहे की पक्का बेरकी, हे हाशेक शेवटपर्यंत कळू देत नाही, आणि त्याची ताकद त्यातच आहे. मात्र कादंबरी पाल्हाळिक आहे हेही मान्य करायला हवं. श्वेइकचे किस्से काही ठिकाणी निव्वळ पानं भरतात. त्याहून मोठं नुकसान केलं आहे तिच्या लोकप्रियतेने. योसेफ लाडाच्या चित्रांतला गोलमटोल, हसरा श्वेइक लोकांच्या मनात बसला आणि आजाराचं सोंग घेणाऱ्यांसाठीचं तुरुंगातलं इस्पितळ विसरलं गेलं. तिथे रोग्यांचं पोट नळीने धुतात, त्यांना ओल्या चादरीत गुंडाळून ठेवतात. काही त्यातच मरतात. हे प्रकरण गाळून वाचलेला श्वेइक म्हणजे अर्धा श्वेइक.

इव्हलिन वॉची तीन भागांची ‘सोर्ड ऑफ ऑनर’ (1952 ते 1961) वेगळ्या जातीची. लेखकाचं सैन्यावर प्रेम आहे आणि तेच त्याला दुखावतं. गाय क्राउचबॅक धर्मयुद्ध म्हणून भरती होतो. त्याला भेटतात फॉर्म, बदल्या आणि त्याच्यावर संशय घेऊन फुगत जाणारी हेरखात्याची फाईल. सोव्हिएत लेखक व्लादिमिर वोइनोविचचा शिपाई चोन्किन मला वॉपेक्षा जवळचा वाटतो. एका खेड्यात नाइलाजाने उतरलेल्या विमानाच्या पहाऱ्यावर त्याला ठेवतात आणि विसरतात. तो नेमून दिलेली जागा सोडत नाही. शेजारच्या न्युराशी त्याचा संसार सुरू होतो. पुढे याच इमानी शिपायाला पकडायला अख्खी फौज चालून येते. ही कादंबरी 1975 साली पॅरिसला छापली गेली. लेखकाला 1980 साली देश सोडावा लागला, पुढच्या वर्षी त्याचं नागरिकत्व गेलं.

आपल्या शेजारी मोहम्मद हनीफ आहे. पाकिस्तानी हवाई दलाच्या अकादमीतून बाहेर पडलेल्या या लेखकाची ‘अ केस ऑफ एक्स्प्लोडिंग मँगोज’ 2008ची. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या 1988च्या विमान अपघाताभोवती ती फिरते. हनीफ शिखरावरच्या माणसाची भीती दाखवतो, आणि ती आधीच्या कुणीच इतकी जवळून दाखवलेली नाही. इंग्रजी पुस्तक पाकिस्तानात वर्षानुवर्षं विकलं गेलं. उर्दू अनुवादाच्या प्रती 2020 साली कराचीत उचलून नेल्या. लोकांच्या भाषेतलाच उपहास झोंबतो, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

अलीकडच्या अमेरिकन कादंबऱ्यांत डेव्हिड अब्राम्सची ‘फॉबिट’ (2012) लक्षात राहते. बगदादच्या तळावर बसून मृत्यूची निवेदनं लिहिणारा शिपाई मंजुरीची वाट पाहतो आणि तोवर बातमी शिळी होते. विषय अचूक आहे. पण ती कादंबरी तळावरच्या गमतीजमतीत फार रमते, आणि हाच या प्रकाराचा आजचा रोग आहे. बराकीतला विनोद उरला, त्याखालचं प्रेत नाहीसं झालं.

मराठीत तर हा प्रकार रुजलाच नाही, याची मला मनापासून खंत वाटते. सरकारी कचेरीची खिल्ली आपण पिढ्यान् पिढ्या उडवली. सैन्यावर लिहायची वेळ आली की लेखणी शौर्यगाथेकडेच वळते. शौर्य खरंच आहे. ‘कॅच-22’ची विमानं ज्या इटलीवर उडतात, त्याच इटलीत 1944 साली यशवंत घाडगे आणि 1945 साली नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पण त्यांच्या आधीच्या पिढीने पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमिया पाहिला होता. तिथल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना नदीतून बसऱ्याकडे आणलं ते उघड्या पडावांवर, दिवसचे दिवस, जखमांवर धड पट्टीही न बदलता. वर गेलेल्या तारांत मात्र जखमींची व्यवस्था उत्तम असल्याचं लिहिलं होतं. कार्टर या लष्करी डॉक्टरने खरी स्थिती कळवली, तेव्हा त्यालाच अटकेची धमकी मिळाली. एप्रिल 1916मध्ये कुत हे ठाणं पडलं आणि डिव्हिजनचे उरलेले शिपाई युद्धकैदी झाले. हे सारं 1917च्या चौकशी आयोगाच्या अहवालात छापलेलं आहे.

त्याच महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉरच्या कचेरीत उघडली जात. आज वाचायला मिळतात ते बहुतेक त्या कचेरीने केलेले इंग्रजी उतारे. तार, अहवाल, उतारे असा सगळा कागद जागेवर आहे. त्या पडावावर पडलेल्या सातारा-कोल्हापूरकडच्या शिपायाच्या तोंडची भाषा त्यात कुठेच नाही, आणि ती फक्त मराठी कादंबरीकारच लिहू शकतो.