भाषणातून गळलेला दवाखाना

सावित्रीबाई फुले यांच्यावरची शाळांतली भाषणे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. शेवट ठरलेला: प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्याकडे धावल्या, त्याच्या स्पर्शाने त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तो दवाखाना कसा होता, यावर मात्र कोणी शब्द काढत नाही.

त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी तो पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात काढला होता. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण पिसवा तो पसरवतात, हे सीमाँ यांनी कराचीत मांडले ते १८९८ मध्ये. हाफकिन यांची लस मुंबईत नुकती तयार झाली होती आणि स्ट्रेप्टोमायसिन तर १९४३ मधले. अशा वेळी छोट्या दवाखान्याच्या हाती उरते ती शुश्रूषा: पाणी, पेज, स्वच्छता. आणि एक गोष्ट, जागा! दाटीची वस्ती सोडून मळ्यात येणे म्हणजे घरातल्या उंदरांपासून दूर जाणे. कारण ठाऊक नसतानाही हा उपाय योग्य होता. आमच्या मते भाषणात सांगण्यासारखे खरे विज्ञान येथे आहे.

राहिला तो ‘स्पर्श’. गाठीचा प्लेग नुसत्या शिवण्याने सहसा लागत नाही. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून लागतो. नववीच्या वर्गात एवढे सांगून विचारावे: पाठीवरच्या मुलाच्या कपड्यांत काय असू शकेल?