अंबाडी, कढीगोळे आणि सोव्हिन्याँ ब्लाँ

व्हाइट वाइनसोबत काय खावं, याबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात एक सल्ला हमखास असतो : आपलं जेवण तिखट, त्यामुळे सोबत चीज घ्या, फार तर पनीर टिक्का. या सल्ल्यात ‘आपलं जेवण’ म्हणजे हॉटेलातली लाल ग्रेव्ही. यवतमाळच्या घरात रोज काय शिजतं, ते या लेखकांच्या खिजगणतीत नाही.

नाशिकजवळच्या सुलाने २०००च्या सुमारास सोव्हिन्याँ ब्लाँ बाजारात आणली, त्याला आता पाव शतक झालं. ही वाइन कोरडी, आंबटसर आणि हिरव्या वासाची. ढोबळी मिरचीला जो वास येतो, त्यामागची मेथॉक्सीपायरेझिन नावाची द्रव्यं या द्राक्षातही असतात. वर्णनात मात्र हटकून ‘पॅशन फ्रूट’ आणि ‘गूसबेरी’ येतात. पांढरकवड्याच्या वाचकाने हे कशाशी ताडून पाहायचं? कैरीची फोड, चुरगळलेला हिरवा पाला एवढं म्हटलं तरी वास नाकाशी येतो.

जोडी जमते की नाही, हे तिखटापेक्षा आंबटपणावर जास्त ठरतं. ताटातला पदार्थ वाइनपेक्षा कमी आंबट असेल तर वाइन तरतरीत लागते. जास्त आंबट असेल तर तीच पाणचट होते. म्हणून अंबाडीची भाजी ही खरी परीक्षा. नुसती अंबाडी वाइनला गिळून टाकेल. पण वऱ्हाडात ती तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात, वरून लसणाची फोडणी किंवा कच्चं तेल घेतात. डाळ-कण्यांनी आंबटाची धार बोथट होते आणि तेलाचा जिभेवर बसलेला थर वाइन धुऊन काढते. सोबत ज्वारीची भाकरी हवी. पोळी गोडसर, तिथे मजा जाते.

कढीगोळ्यांशी तर हिचं आणखी जुळतं. ताकाचा आंबटपणा मऊ असतो, वाफवलेल्या डाळीच्या गोळ्यांना फार मसाला नसतो, आणि वाइनमधला हिरवा वास कोथिंबिरीला जाऊन भिडतो. पैनगंगेची मासळी हळद-मीठ लावून तळली, वर लिंबू पिळलं, तर त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

सावजी रश्श्यापुढे मात्र हात टेकावेत. अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवतं, आणि काळ्या भाजक्या मसाल्याखाली वाइनचा वास उरतच नाही. पाटोडी रस्सा बेताचा तिखट असेल तर किंचित गोड शेनँ ब्लाँ चालते, कोरडी नको. आणि मे महिन्यात बाटली नीट गार झालेली नसेल तर उघडूच नये. ८-१० अंशांना जी टवटवीत लागते ती यवतमाळच्या उन्हाळी खोलीत दहा मिनिटांत मलूल होते. पेल्यात थोडी थोडी ओतावी, बाटली बर्फात ठेवावी.

हे सगळं जिभेपुरतं. पण वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा, जिथे २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. वर्धा जिल्ह्यात ती १९७०च्या दशकापासून आहे. यवतमाळमध्येही गावोगावच्या बायकांनी दारूची दुकानं बंद करण्यासाठी आंदोलनं केली आहेत. त्यांच्यासमोर ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य उच्चारायला जीभ रेटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्ष उत्पादकांच्या हिताचं कारण दिलं गेलं. कारण खोटं नव्हतं, पण ते नाशिकचं होतं. कापूस पिकवणाऱ्याला त्यातून काय मिळणार, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ नव्हताच. इथल्या कोलाम-गोंड पाड्यांवर मोहाची फुलं वेचतात. ती घरी गाळली तर गुन्हा, आणि द्राक्षाच्या बाटलीवर मात्र रसग्रहण लिहिलं जातं. हा लेखही त्यातलाच. मोहाच्या वासाला काय म्हणायचं, यावर मराठीत असं चवीने लिहिलेलं फारसं माझ्या वाचनात आलेलं नाही.